तीन पेन्सिल सेल, पाच एलईडी आणि प्लांकचा स्थिरांक : घरच्या घरी मोजण्याची रीत

बारावीच्या भौतिकशास्त्रात प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा आणि त्याची वारंवारिता यांचे ठरलेले गुणोत्तर, बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो तो गणितात किंमत भरण्यापुरता. विद्युतचुंबकीय तरंगांचे प्रकरण वेगळे, क्वांटमचे प्रकरण वेगळे, आणि दोन्ही पाठ असूनही त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे अनेकांना शेवटपर्यंत उमगत नाही. हा संबंध घरातल्या टेबलावर दाखवता येतो, आणि स्थिरांकाची किंमतही साधारण पाच ते पंधरा टक्क्यांच्या चुकीत मोजता येते. पुढची रीत नागपुरात सहज मिळणाऱ्या सामानाला आणि इथल्या हवेला धरून लिहिली आहे. मोजमापाला हात घालण्यापूर्वी पहिले दोन प्रयोग अवश्य करावेत, कारण त्यांत आकडेमोड नाही आणि कल्पना मात्र तिथेच पक्की होते.

सामान

सीताबर्डीच्या बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांत हे सगळे एका फेरीत मिळते. पाच मिलिमीटरचे एलईडी घ्यावेत : एक इन्फ्रारेड, आणि तांबडा, पिवळा, हिरवा व निळा यांपैकी प्रत्येकी दोन. दुकानदाराला ‘क्लिअर बॉडी’चे, म्हणजे बंद असताना पाण्यासारखे पारदर्शक दिसणारे एलईडी मागावेत, रंगीत प्लास्टिकचे नकोत, कारण ते प्लास्टिक स्वतःच काही रंग गाळून टाकते आणि दुसऱ्या प्रयोगाचा विचका होतो. पांढरा एलईडी या कामाचा नाही. त्याच्या आत निळाच एलईडी असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे प्रकाश पांढरा दिसतो. याखेरीज १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा भाग (दुकानात ‘पॉट’ म्हटले तरी समजते), १ किलोओहमचा रेझिस्टन्स, तीन पेन्सिल सेलचा होल्डर, काळी इन्सुलेशन टेप, एक ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग खोचून जोडण्याची पट्टी) आणि साधा डिजिटल मल्टीमीटर लागतो. मल्टीमीटर महागडा असण्याची गरज नाही. घरातून एक जुनी सीडी, मीडियम वेव्ह असलेला ट्रान्झिस्टर, गॅसचा लायटर आणि अडगळीत पडलेला, पण चालू असलेला सीएफएल दिवा शोधून ठेवावा.

पहिला प्रयोग : तरंग

ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावावा आणि हातभर अंतरावर गॅसचा लायटर दाबावा. प्रत्येक ठिणगीबरोबर रेडिओत ‘कट्’ असा आवाज येतो. ठिणगी म्हणजे हवेतून अचानक धावलेली विद्युतधारा. धारा झपाट्याने बदलली की तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते, बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र निर्माण करते, बदलते विद्युत क्षेत्र पुन्हा चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि ही साखळी तारेचा आधार न घेता अवकाशात पुढे सरकत जाते. धारेमुळे चुंबकसूची हलते हे ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धारा वाहते हे फॅरेडेने १८३१ मध्ये. मॅक्सवेलने हे दोन्ही एका सूत्रात गुंफून १८६५ मध्ये या तरंगांचा वेग केवळ विद्युत आणि चुंबकीय मोजमापांवरून काढला, तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला, आणि प्रकाश हाही विद्युतचुंबकीय तरंगच असावा असा निष्कर्ष त्याने काढला. हाइनरिश हर्ट्झने १८८७ च्या सुमारास प्रयोगशाळेत असे तरंग प्रत्यक्ष निर्माण केले, तेही ठिणगी पाडूनच.

आकाशवाणी नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झचे प्रक्षेपण आणि तांबड्या एलईडीचा उजेड यांत जातीचा फरक काहीच नाही. पहिल्याची तरंगलांबी सुमारे ५१२ मीटर आहे, दुसऱ्याची एक मिलिमीटरच्या दीडहजाराव्या भागाच्या आसपास. वेग तोच, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर; या वेगाला तरंगलांबीने भागले की वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांची संख्या, मिळते. पुढच्या सगळ्या कामात वारंवारिता हीच मुख्य राशी आहे, तरंगलांबी हा तिच्यापर्यंत पोचण्याचा मार्ग आहे.

दुसरा प्रयोग : कण

एलईडीला वीज दिली की तो प्रकाश देतो, हे सर्वांना ठाऊक असते. एलईडीवर प्रकाश पाडला की तो वीज देतो, हे मात्र फारसे कोणी करून पाहत नाही. एक तांबडा आणि एक निळा एलईडी समोरासमोर, टोकाला टोक लावून ठेवावेत आणि बाहेरचा उजेड आत शिरणार नाही अशा बेताने दोघांभोवती काळी टेप गुंडाळावी. निळ्याला १ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून तीन सेलची वीज द्यावी, आणि तांबड्याच्या दोन पायांना मल्टीमीटर लावून तो २००० मिलिव्होल्टच्या पट्टीवर ठेवावा. तांबडा एलईडी शेकडो मिलिव्होल्ट दाखवू लागतो. आता अदलाबदल करावी : वीज तांबड्याला, मल्टीमीटर निळ्याला. आकडा शून्यालगत खिळून राहतो.

यावर पहिली शंका अशी येते की तांबडा उजेड कमी पडत असेल. ती तिथल्या तिथे तपासून घ्यावी. टेप काढावी, खोलीत अंधार करावा आणि तांबड्या लेझर पॉइंटरचा झोत निळ्या एलईडीच्या तोंडावर सरळ पाडावा (लेझर डोळ्याच्या उंचीवर धरू नये आणि कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नये). एलईडीच्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असलेला हा झोतही निळ्या एलईडीतून मोजण्याजोगे व्होल्टेज काढू शकत नाही. त्याच निळ्या एलईडीवर दुसऱ्या निळ्या एलईडीचा मंद उजेड पाडला, तर आकडा लगेच हलतो. हिरव्याला मध्ये घेऊन सर्व जोड्या करून पाहाव्यात : निळ्याच्या उजेडाने हिरवा जागा होतो, तांबड्याच्या उजेडाने होत नाही, आणि हिरव्याच्या उजेडाने तांबडा होतो. क्रम वारंवारितेचा आहे, प्रखरतेचा नाही.

प्रकाश निव्वळ तरंग असता, तर हे समजावून सांगता आले नसते. तरंगाची ऊर्जा त्याच्या प्रखरतेवर ठरते. तांबडा उजेड पुरेसा वाढवला की एलईडीतल्या इलेक्ट्रॉनांना आज ना उद्या हवी तेवढी ऊर्जा मिळायला हवी होती. निरीक्षण सांगते की ऊर्जा ठरावीक आकाराच्या पुंजांत येते, पुंजाचा आकार वारंवारितेवर ठरतो, आणि एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुंज घेतो. रेल्वे स्टेशनवरच्या वजनाच्या यंत्रात पाचच्या नाण्याची खाच असेल, तर रुपयाची नाणी पोतेभर आणली तरी तिकीट बाहेर येत नाही, तसाच हा व्यवहार आहे. प्रखर तांबडा उजेड म्हणजे पुष्कळ लहान पुंज, मंद निळा उजेड म्हणजे थोडे पण मोठे पुंज. या पुंजाला पुढे फोटॉन हे नाव मिळाले.

इतिहासातला एक योग इथे सांगण्याजोगा आहे. विद्युतचुंबकीय तरंग सिद्ध करण्यासाठी हर्ट्झने जे प्रयोग केले, त्यांतच त्याला असे आढळले की अतिनील प्रकाश पडला की ठिणगी अधिक सहज पडते. तरंगवादाचा सर्वांत भक्कम पुरावा आणि त्याला तडा देणारी पहिली खूण या दोन्ही एकाच टेबलावर, एकाच माणसाच्या हातून निघाल्या. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ लेनार्डने १९०२ मध्ये दाखवले की प्रकाशाच्या आघाताने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा प्रखरतेवर अवलंबून नसते. प्लांकने १९०० मध्ये तप्त वस्तूंच्या प्रारणासाठी मांडलेली पुंजांची कल्पना आइन्स्टाइनने १९०५ मध्ये प्रकाशालाच लावली. फोटॉनची ऊर्जा म्हणजे वारंवारिता गुणिले प्लांकचा स्थिरांक, एवढेच त्याचे म्हणणे होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनचा त्यावर विश्वास नव्हता. त्याने वर्षानुवर्षे खपून घेतलेल्या मोजमापांनी १९१६ पर्यंत आइन्स्टाइनचेच सूत्र खरे ठरवले आणि स्थिरांकाची चांगली किंमतही हाती दिली.

मग रेडिओच्या बाबतीत हे पुंज का जाणवत नाहीत? तांबड्या प्रकाशाची वारंवारिता आकाशवाणीच्या ५८५ किलोहर्ट्झच्या सुमारे ८० कोटी पट आहे, म्हणून रेडिओलहरीचा एक फोटॉन तांबड्या फोटॉनच्या ८० कोटीव्या भागाएवढा लहान असतो. एवढ्या बारीक कणांचा प्रवाह अखंडच भासतो.

तरंगलांबी मोजणे

पाकिटावर लिहिलेली तरंगलांबी मानून चालू नये. ‘हिरवा’ या एकाच नावाखाली जुन्या पद्धतीचा, सुमारे ५६५ नॅनोमीटरचा पोपटी एलईडीही विकला जातो आणि नवा, ५२५ च्या आसपासचा गर्द हिरवाही. दोघांचे व्होल्टेज पूर्णपणे वेगळे असते. तेव्हा मोजावे हेच बरे.

सीडीवर माहितीचे मळे, म्हणजे बारीक ओळी, सर्पिल पण जवळपास वर्तुळाकार आणि अगदी दाट असतात. दोन मळ्यांतले अंतर सुमारे १६०० नॅनोमीटर असते. सीडीच्या लेबलाच्या बाजूला चाकूने एक ओरखडा काढावा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून ओढावी, म्हणजे चकाकणारा थर निघून येतो आणि खालचे पारदर्शक प्लास्टिक उरते. भिंतीला लागून टेबलावर एक लांब फूटपट्टी आडवी उभी करावी, तिच्या शून्यावर एलईडी ठेवावा, आणि बरोबर ५० सेंटिमीटर अलीकडे सीडी उभी धरून तिच्या उजव्या कडेजवळच्या भागातून, जिथे मळे उभे धावतात, एलईडीकडे पाहावे. खऱ्या एलईडीखेरीज बाजूला त्याचे रंगीत प्रतिबिंब दिसते. ते फूटपट्टीवर कुठे पडते ते दुसऱ्या माणसाने पेन्सिलीचे टोक सरकवत नेऊन टिपावे. एकट्याने हे काम करताना मान हलते आणि वाचन बिघडते.

प्रतिबिंब एलईडीपासून २१.४ सेंटिमीटरवर दिसले असे धरू. २१.४ चा वर्ग आणि ५० चा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ ५४.४ येते, २१.४ ला ५४.४ ने भागून १६०० ने गुणले की सुमारे ६३० नॅनोमीटर मिळतात, म्हणजे तांबडा. निळ्याचे प्रतिबिंब याच अंतरावर सुमारे १५ सेंटिमीटरवर आणि गर्द हिरव्याचे साडेसतराच्या आसपास यावे. एलईडीचा रंग शुद्ध नसतो, म्हणून प्रतिबिंब पट्ट्यासारखे पसरते. त्यातला सर्वांत उजळ भाग धरावा.

सातशे एमबीच्या सीडींवर मळे थोडे अधिक दाट असतात, त्यामुळे १६०० हा आकडा तपासून घेणे इष्ट. त्यासाठीच सीएफएल हवा. त्याच्यापुढे पुठ्ठ्यात कापलेली बारीक उभी फट ठेवली की सीडीतून सुट्या रंगरेषा दिसतात; त्यांतली ठळक हिरवी रेषा पाऱ्याची असते आणि तिची तरंगलांबी ५४६ नॅनोमीटर ही पक्की आहे. १६०० ने गुणून ५४६ न येता ५८० येत असतील, तर त्या सीडीसाठी १६०० ऐवजी त्याच प्रमाणात कमी, म्हणजे सुमारे १५०६ हा आकडा वापरावा. इन्फ्रारेडचे हे मोजमाप डोळ्यांनी होत नाही. टीव्हीच्या रिमोटमधले इन्फ्रारेड एलईडी सहसा ९४० नॅनोमीटरचे असतात. सुटा घेताना ९४० च मागावा. ८५० चाही मिळतो, पण तो अंधारात किंचित तांबूस दिसतो, त्यावरून ओळखता येतो.

तरंगलांबीवरून वारंवारिता काढताना शून्यांचा गोंधळ टाळण्यासाठी ती टेराहर्ट्झमध्ये, म्हणजे लाख कोटी हर्ट्झमध्ये लिहावी. तीन लाखाला नॅनोमीटरच्या आकड्याने भागले की झाले : ९४० चे ३१९, ६३० चे ४७६, ५२५ चे ५७१ आणि ४६५ चे ६४५.

व्होल्टेज मोजणे

एलईडीत इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा एका फोटॉनच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि सेलकडून त्याला मिळणारी ऊर्जा म्हणजे त्याचा प्रभार गुणिले एलईडीवरचे व्होल्टेज; म्हणून वारंवारितेबरोबर व्होल्टेज किती वाढते यावरून स्थिरांक काढता येतो. पॉटच्या बाहेरच्या दोन पायांना सेलची दोन टोके जोडावीत. मधल्या पायापासून १ किलोओहमचा रेझिस्टन्स, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि एलईडीचा आखूड पाय सेलच्या ऋण टोकाला. तीन सेलचे साडेचार व्होल्ट आणि हा रेझिस्टन्स असल्यामुळे पॉट पूर्ण फिरला तरी धारा चार मिलिअँपिअरच्या आतच राहते आणि एलईडी जळत नाही. एलईडी उलटा लागला तरी साडेचार व्होल्ट त्याला सहसा सोसतात. पेटत नाही एवढेच.

‘एलईडी नुकता उजळू लागतो ते व्होल्टेज टिपा’ असे या प्रयोगाच्या अनेक वर्णनांत सांगितलेले असते. मला ही सूचना मुळीच मान्य नाही. डोळा हिरव्याला फार तीक्ष्ण आणि इन्फ्रारेडला पूर्ण आंधळा असतो, त्यामुळे ‘नुकता’ याचा अर्थ प्रत्येक रंगाला बदलतो. त्याऐवजी सर्व एलईडींतून सारखीच धारा सोडावी आणि त्या वेळचे व्होल्टेज टिपावे. धारा मोजण्याचीही सोय रेझिस्टन्समध्येच आहे : त्याच्या दोन टोकांमध्ये १०० मिलिव्होल्ट येईपर्यंत पॉट हळूहळू फिरवला की धारा बरोबर १०० मायक्रोअँपिअर होते. मग पॉटला धक्का न लावता मल्टीमीटरच्या सुया एलईडीच्या दोन पायांवर ठेवाव्यात. रेझिस्टन्सवरचा सोनेरी पट्टा पाच टक्के फरक सांगतो, पण त्याने एलईडीचे व्होल्टेज दोन-चार मिलिव्होल्टांपलीकडे हलत नाही, तेव्हा त्याची चिंता करू नये. स्वस्त मल्टीमीटर २००० मिलिव्होल्टच्या पट्टीवर दोन व्होल्टांपर्यंतच दाखवतो. निळ्यासाठी आणि गर्द हिरव्यासाठी २० व्होल्टांची पट्टी घ्यावी लागते.

आता नागपूरची हवा. एलईडीचे व्होल्टेज तापमानाबरोबर घटते, दर अंशाला ढोबळमानाने दोन मिलिव्होल्टांनी. डिसेंबरातल्या पहाटेचे बारा अंश आणि मे महिन्यातल्या दुपारचे पंचेचाळीस यांत तेहतीस अंशांचा, म्हणजे सुमारे ६५ मिलिव्होल्टांचा फरक पडतो. सगळे एलईडी एकाच तापमानाला मोजले, तर बिघडत नाही. अडचण होते ती अर्धी वाचने कूलर सुरू असताना आणि उरलेली वीज गेल्यावर घेतली म्हणजे. उन्हाळ्यात रात्री, कूलरच्या झोतापासून दूर, सर्व वाचने एका बैठकीत घ्यावीत. एलईडी बोटांत धरून बसू नये, आणि खिडकीतला उजेडही त्यावर येऊ देऊ नये. उजेडात एलईडी स्वतःच वीज निर्माण करतो हे दुसऱ्या प्रयोगात दिसलेच आहे.

आलेख आणि किंमत

आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वारंवारिता आणि उभ्या अक्षावर व्होल्टेज घेऊन बिंदू मांडावेत व त्यांच्यामधून शक्य तितकी जवळची सरळ रेषा काढावी. समजा रेषेवर ३१९ टेराहर्ट्झला १.०४ व्होल्ट आणि ६४५ ला २.४६ व्होल्ट वाचता आले. ३२६ टेराहर्ट्झमागे १.४२ व्होल्ट, म्हणजे दर टेराहर्ट्झला ४.३६ मिलिव्होल्ट, हा रेषेचा चढ झाला. इलेक्ट्रॉनवरील प्रभार १.६०२ ने (१० चा उणे १९ वा घात, कूलोममध्ये) त्याला गुणले की ६.९८ येतात. मिलि आणि टेरा मिळून १० चा उणे १५ वा घात होतो, त्यात हा उणे १९ मिळवला की उणे ३४. म्हणजे मोजलेला स्थिरांक ६.९८ गुणिले १० चा उणे ३४ वा घात, ज्यूल-सेकंद. खरा आकडा ६.६२६ आहे; चूक पाच टक्क्यांच्या थोडी वर.

रेषा न काढता प्रत्येक एलईडीचे व्होल्टेज त्याच्या वारंवारितेने सरळ भागले तर काय होते, हेही याच वहीत करून पाहावे. वरच्या आकड्यांवरून इन्फ्रारेड ५.२२ देतो आणि निळा ६.११, तांबड्याला ४७६ टेराहर्ट्झला १.७० व्होल्ट आले असतील तर तो ५.७२ देतो. तिन्ही उत्तरे वेगवेगळी आणि तिन्ही कमी. याचे कारण असे की १०० मायक्रोअँपिअरएवढ्या लहान धारेसाठी इलेक्ट्रॉनांना पूर्ण फोटॉनची ऊर्जा सेलकडून घ्यावी लागत नाही. उष्णतेमुळे त्यांच्यातले काही आधीच वरच्या पायरीवर असतात आणि उरलेलेच अंतर व्होल्टेजने भरून निघते. ही सूट सर्व एलईडींना साधारण सारखी मिळते, म्हणून रेषा शून्याच्या खाली, इथे उणे ०.३५ व्होल्टच्या आसपास, उभ्या अक्षाला छेदते, पण तिचा चढ फारसा बदलत नाही. धारा १०० ऐवजी २०० मायक्रोअँपिअर घेतली तर रेषा जवळजवळ जशीच्या तशी वर सरकते. सवड असल्यास हेही करून पाहावे.

‘साधारण सारखी’ म्हटले, कारण ती अगदी सारखी नसते, आणि उरलेली चूक मुख्यतः तिथूनच येते. इन्फ्रारेड, तांबडा-पिवळा आणि हिरवा-निळा हे तीन गट वेगवेगळ्या अर्धवाहकांचे असतात आणि प्रत्येकातील सांध्याची, म्हणजे दोन प्रकारचे अर्धवाहक जिथे जुळतात त्या जागेची, घडण वेगळी असते. अधिक चांगला मल्टीमीटर आणून ही चूक कमी होत नाही. २० मे २०१९ पासून प्लांकच्या स्थिरांकाची किंमत व्याख्येनेच निश्चित केलेली आहे आणि किलोग्रॅम तिच्यावरून ठरतो. तेव्हा आलेखावरचे बिंदू रेषेपासून जेवढे हटलेले दिसतात, तेवढी ती एलईडीच्या आतल्या रचनेचीच माहिती समजावी.

विषय निघालाच आहे म्हणून सांगावेसे वाटते की गांधीसागराजवळचे रमण विज्ञान केंद्र ज्यांच्या नावाने आहे ते सी. व्ही. रमण १९१७ मध्ये कलकत्त्यात प्राध्यापक होण्याआधी सरकारी हिशेब खात्यात होते आणि त्या नोकरीत काही काळ नागपुरातही होते. १९२८ मध्ये त्यांनी जो परिणाम दाखवला, तोही फोटॉनच्या हिशेबाने चटकन कळतो : रेणूवर आदळलेला फोटॉन आपल्या ऊर्जेचा थोडा भाग रेणूला देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि तेवढीच त्याची वारंवारिता बदलते.

उत्तर ८ च्या वर किंवा ५ च्या खाली आले, तर आधी सेल तपासावेत. बसलेल्या सेलवर निळा एलईडी १०० मायक्रोअँपिअरपर्यंत पोचत नाही आणि वाचन कमी येते. मग हिरवा खरोखर कोणता आहे ते सीडीने पुन्हा पाहावे. एखादा बिंदू रेषेपासून फारच वर असेल, तर पॉट फिरवताना धारा १०० ऐवजी १००० मायक्रोअँपिअर झाली आहे का, हे पाहावे. रेझिस्टन्सवरचे पट्टे तपकिरी, काळा आणि तांबडा असावेत. तांबड्याच्या जागी नारिंगी दिसला, तर तो १० किलोओहमचा आहे, धारा दहा पट कमी वाहत आहे, आणि तो बदलून सर्व वाचने पुन्हा घ्यावी लागतील.